घरात उगवलेली रोपं लांबडी होऊन माना का टाकतात? त्यांना वाचवायचं कसं?

पेपर कपात टोमॅटोचं बी टाकलं. पाचव्या-सहाव्या दिवशी हिरवा ठिपका दिसला. लगेच फोटो काढला, स्टेटसला ठेवला, ‘आमच्या घरी नवीन पाहुणे’ असं लिहिलं. दहाव्या दिवशी तेच रोप दोऱ्यासारखं लांब झालं, खिडकीकडे झुकलं आणि एका सकाळी आडवं पडलं. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘तुझ्या हाताला गुणच नाही.’

फ्लॅटमध्ये भाजीपाला लावणाऱ्या बहुतेकांनी हे कधी ना कधी पाहिलेलं असतं. पण यात हाताच्या गुणाचा काही संबंध नाही आणि नजर लागण्याचाही नाही. घरातली रोपं मुख्यतः तीन कारणांनी जातात: उजेड कमी, माती चुकीची आणि पाणी जास्त. यातलं नेमकं काय झालंय हे वेळेत ओळखलं, तर बरीच रोपं वाचतात. गावाहून आणलेल्या गावरान वांग्याच्या मोजक्या बिया असतील किंवा महागडं संकरित बियाण्याचं पाकीट असेल, तर हे ओळखणं आणखी महत्त्वाचं ठरतं. कारण पुन्हा पेरायला बी नसतं आणि हंगामही थांबत नाही.

रोप लांबडं होतं म्हणजे नेमकं काय होतं?

याचं उत्तर महाराष्ट्रातल्या अनेक घरांत दरवर्षी नवरात्रात डोळ्यांसमोर असतं. घटस्थापनेला मातीत धान्य पेरलं जातं. देवघराच्या कोपऱ्यात नऊ दिवसांत त्याचे लांब, नाजूक, पिवळसर तुरे येतात. दसऱ्याला ते टोपीत किंवा केसांत खोचतात. तेच धान्य शेतात पेरलं असतं, तर नऊ दिवसांत रोप बुटकं, जाड आणि हिरवंगार दिसलं असतं.

बी तेच, दिवस तेवढेच. फरक फक्त उजेडाचा. घटासमोर अखंड नंदादीप तेवत असतो, पण रोपाच्या हिशोबात त्या ज्योतीचा उजेड जवळपास अंधारच असतो.

अंधारात रोप असं का वागतं? बी मातीखाली असतं तेव्हा त्याच्यापुढे एकच काम असतं, वर येऊन उजेड गाठायचा. त्यासाठी बियाण्यात थोडी शिदोरी साठवलेली असते. अंधारात रोप ही सगळी शिदोरी खोड लांबवण्यात खर्च करतं. पानं मोठी करणं, हिरवा रंग तयार करणं, खोड जाड करणं ही कामं ते पुढे ढकलतं. उजेड मिळाला की लांबण्याला लगाम बसतो आणि पानांचं काम सुरू होतं.

घरात गोंधळ इथेच होतो. रोप मातीतून बाहेर येतं, पण पुरेसा उजेड मिळत नाही. त्यामुळे ‘अजून वर जायला हवं’ असं समजून ते लांबत राहतं. शिदोरी संपते, खोड बारीक राहतं आणि पानांचा भार पेलत नाही. आपल्याला वाटतं रोप झपाट्याने वाढतंय. प्रत्यक्षात ते उपाशी असतं.

रोपाला उजेड कळतो कसा?

रोपाला डोळे नसतात, पण उजेड ओळखणारी प्रथिनं असतात. त्यातलं फायटोक्रोम हे लाल आणि त्यापलीकडच्या गडद लाल प्रकाशातला फरक ओळखतं. दुसऱ्या झाडाच्या सावलीत गडद लाल प्रकाशाचं प्रमाण वाढतं, कारण वरची पानं लाल आणि निळा प्रकाश शोषून घेतात. त्यावरून रोपाला ‘आपण सावलीत आहोत’ हे समजतं आणि ते लांबायला लागतं. निळा प्रकाश ओळखणारी प्रथिनं वेगळी असतात. पुरेसा निळा प्रकाश मिळाला, तर रोप आटोपशीर राहतं.

मग रोप खिडकीकडे का वाकतं? चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी गवताच्या कोवळ्या कोंबांवर प्रयोग केले होते. कोंबाचं टोक झाकलं तर कोंब उजेडाकडे वाकत नाही, हे त्यांनी १८८० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात मांडलं. म्हणजे उजेड कळतो टोकाला आणि वाकतो खालचा भाग. टोकाकडून खाली जाणारा हा निरोप म्हणजे ऑक्सिन नावाचं संप्रेरक, हे पुढे १९२०च्या दशकात फ्रिट्स वेंट यांच्या प्रयोगांतून स्पष्ट झालं. एका बाजूने उजेड आला की सावलीच्या बाजूला ऑक्सिन जास्त जमा होतं, ती बाजू जास्त लांबते आणि रोप उजेडाकडे झुकतं.

त्यामुळे वाकलेलं रोप आजारी असतंच असं नाही. उजेड एकाच बाजूने आणि कमी येतोय, एवढंच ते सांगत असतं.

‘आमच्या घरात तर भरपूर उजेड आहे!’

सगळ्यात मोठी फसगत इथे होते आणि ती आपले डोळे करतात. डोळ्यांची बाहुली उजेडानुसार लहान-मोठी होते, त्यामुळे घरातला आणि बाहेरचा फरक आपल्याला खरा असतो तेवढा जाणवत नाही.

आकडे पाहिले की चित्र बदलतं. भर दुपारच्या उन्हात प्रकाश साधारण १ लाख लक्स असतो. दिवे लावलेल्या दिवाणखान्यात तो बऱ्याचदा २०० ते ३०० लक्सच असतो. टोमॅटो, मिरची, वांगी यांच्या रोपांना धडधाकट वाढायला दिवसाचे १४ ते १६ तास साधारण ८ ते १५ हजार लक्स हवेत. म्हणजे वाचायला पुरेसा असलेला उजेड रोपाला अजिबात पुरत नाही. खिडकीपासून दोन-तीन फूट आत सरकलं, तरी उजेड झपाट्याने घटतो. त्यात ग्रिल, मच्छरदाणीची जाळी, काचेवरची फिल्म आणि समोरचा टॉवर आपापला वाटा कापून घेतात.

घरातला उजेड तपासायचे दोन सोपे मार्ग आहेत.

पहिला, सावलीचा. दुपारी रोपाच्या वर साधारण फूटभर अंतरावर हात धरा. हाताची कडा स्पष्ट दिसणारी गडद सावली पडली तर उजेड चांगला आहे. सावली धूसर असेल तर मध्यम. सावली दिसतच नसेल तर तिथे शोभेची काही झाडं तग धरतील, पण भाजीची रोपं नाही.

दुसरा, फोनचा. लक्स मोजणारी मोफत ॲप्स मिळतात. फोनप्रमाणे आकडा थोडा बदलतो, पण घरातली कोणती जागा जास्त उजेडाची हे ठरवायला ती पुरेशी आहेत.

दक्षिणेची खिडकी उत्तम, हे कितपत खरं?

बागकामाच्या परदेशी व्हिडिओंमध्ये ‘रोपं दक्षिणेच्या खिडकीत ठेवा’ हा सल्ला हमखास असतो. युरोप किंवा उत्तर अमेरिकेत तो बरोबर आहे. तिथे दुपारचा सूर्य वर्षभर दक्षिणेकडेच असतो.

महाराष्ट्र मात्र कर्कवृत्ताच्या खाली आहे. मुंबईत मेच्या मध्यावर आणि जुलैच्या शेवटी सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो. ‘शून्य सावली दिवस’ म्हणून त्या दिवसांचे फोटो दरवर्षी व्हायरल होतात. मधल्या काळात, म्हणजे जूनमध्ये, दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो. त्यामुळे त्या दिवसांत दक्षिणेच्या खिडकीत थेट ऊन जवळपास येत नाही. हीच खिडकी डिसेंबर-जानेवारीत मात्र उन्हाने भरून जाते.

कोवळ्या रोपांसाठी आपल्याकडे पूर्वेची खिडकी सगळ्यात सोयीची. सकाळचं ऊन मिळतं आणि रोपं भाजत नाहीत. पश्चिमेला ऊन भरपूर, पण मार्च ते मे या काळात दुपारनंतर काच आणि भिंत इतकी तापते की छोट्या कपातली माती तासाभरात सुकते. उत्तरेच्या खिडकीत वर्षातला बराच काळ दिव्याची मदत लागतेच. आणि पावसाळ्यातल्या ढगाळ आठवड्यांत ती कोणत्याही खिडकीत लागू शकते.

रोपांसाठी खास जांभळा दिवाच हवा का?

नाही. ऑनलाइन दिसणाऱ्या जांभळ्या दिव्यांमागे विज्ञान आहे. प्रकाशसंश्लेषणात लाल आणि निळा प्रकाश सगळ्यात जास्त वापरला जातो, म्हणून फक्त हे दोन रंग देणारे एलईडी बनवले गेले. निळा एलईडी तयार करणं खूप कठीण होतं. ते जमवणाऱ्या इसामू आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्या घरातल्या पांढऱ्या एलईडी ट्यूबच्या पोटातही बहुतेक वेळा निळाच एलईडी असतो. त्यावरच्या लेपामुळे प्रकाश पांढरा दिसतो.

म्हणजे साध्या पांढऱ्या ट्यूबमध्ये निळा, हिरवा, लाल असे सगळे रंग असतात. रोपं पहिल्या चार-पाच आठवड्यांपर्यंत वाढवायला ती पुरते. शिवाय पांढऱ्या उजेडात पान पिवळं पडतंय की हिरवं आहे हे दिसतं. जांभळ्या उजेडात सगळीच पानं काळपट दिसतात आणि आजार लक्षात येत नाही.

घरगुती मांडणी अशी करता येते.

* ‘कूल डेलाइट’ म्हणजे ६५०० केल्विन लिहिलेल्या २० वॉटच्या दोन एलईडी ट्यूब शेजारी शेजारी लावा. एक-दोन कपच असतील तर ९ वॉटचा साधा एलईडी बल्बही चालतो.
* दिवा रोपाच्या शेंड्यापासून १० ते १५ सेंटिमीटरवर ठेवा. रोप वाढेल तसा दिवा वर सरकवा. छताचा दिवा कितीही लख्ख असला तरी उपयोगाचा नाही. बल्बचं अंतर दुप्पट केलं की उजेड जवळपास एक चतुर्थांश होतो, लांब ट्यूबचा साधारण निम्मा.
* रोज १४ ते १६ तास चालू ठेवा, मग बंद करा. चोवीस तास उजेड दिला तर टोमॅटोची पानं पिवळी पडून खराब होतात. रात्र रोपालाही लागते.
* जुना पिवळा तारेचा बल्ब वापरू नका. त्यातली बहुतेक वीज उष्णतेत जाते आणि गडद लाल प्रकाश जास्त असल्याने रोप आणखी लांबतं.

विजेचा खर्च किती? दोन ट्यूब म्हणजे ४० वॉट, रोज १५ तास, म्हणजे ०.६ युनिट. महिन्याला १८ युनिट. युनिटमागे १० रुपये धरले तर १८० रुपये.

खास दिवा घ्यायचाच असेल तर खोक्यावरच्या ‘१००० वॉट’ अशा ठळक आकड्याला भुलू नका. तो दिवा प्रत्यक्ष किती वीज ओढतो हा आकडा बारीक अक्षरात लिहिलेला असतो आणि तो बऱ्याचदा कितीतरी कमी निघतो.

हे व्हिडिओ बहुतेक भांगेच्या झाडाचेच का असतात?

‘रोप लांबडं झालं, काय करू’ असं इंग्रजीत शोधलं, तर समोर येणारे बरेच व्हिडिओ गांजाच्या रोपांचे असतात. त्याला कारण आहे. काही देशांत घरी मर्यादित झाडं लावायला कायद्याने परवानगी आहे. कॅनडात ऑक्टोबर २०१८पासून बहुतेक प्रांतांत एका घरात ४ झाडं चालतात. जर्मनीत १ एप्रिल २०२४पासून प्रौढ व्यक्तीला ३ झाडं लावता येतात. तिथली थंडी आणि हिवाळ्यातला अपुरा सूर्य यामुळे ही लागवड बरीचशी घरात, दिव्याखाली होते. दिवे, तंबू, मातीची मिश्रणं यांचा मोठा बाजार त्यातून उभा राहिला.

भारतात मात्र १९८५च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यानुसार, म्हणजे एनडीपीएस कायद्यानुसार, परवान्याशिवाय गांजाचं झाड लावणं गुन्हा आहे. मग ते कुंडीत एकच असलं तरी. त्यासाठी १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

रोपांचं शास्त्र दोन्हीकडे एकच असलं, तरी त्या व्हिडिओंतले सल्ले जसेच्या तसे उचलणं आपल्या भाजीच्या रोपांनाही परवडत नाही. कुंडीखाली गरम चटई ठेवा, हवा दमट ठेवायला वरून झाकण लावा, हे थंड आणि कोरड्या घरांसाठीचे उपाय आहेत. कोकणातल्या जुलैत झाकण लावलं, तर बुरशीला आमंत्रणच.

माती: अंगणातली का चालत नाही?

शेतात काळी माती सोनं असते. तीच माती १०० मिलीच्या कपात भरली की पाणी धरून बसते आणि सुकली की तडकते. कोवळी मुळं त्या भेगांत तुटतात. नर्सरीतून पिशवीने मिळणारी लाल माती चार-पाच वेळा पाणी घातल्यावर विटेसारखी घट्ट होते. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते आणि घट्ट मातीत ती मिळत नाही. शिवाय अशा मातीतून बुरशी आणि किडीही घरात येतात.

म्हणून व्यावसायिक नर्सरीत रोपं मातीत वाढवत नाहीत. ९८ कप्प्यांच्या प्रो-ट्रेमध्ये कोकोपीट भरून, शेडनेटखाली टोमॅटो-मिरचीची रोपं तयार केली जातात. टोमॅटोचं रोप साधारण २५ ते ३० दिवसांत लावणीला येतं.

घरासाठी सोपं मिश्रण असं: २ भाग कोकोपीट, १ भाग चाळलेलं गांडूळ खत, १ भाग परलाइट. परलाइट नसेल तर धुतलेली जाडसर वाळू.

यात तीन गोष्टी सांभाळायच्या.

एक, कोकोपीट धुऊन घ्या. नारळाच्या काथ्यापासून बनत असल्याने त्यात मीठ असू शकतं. वीट भिजवून फुगली की दोन-तीन वेळा साध्या पाण्याने धुऊन पिळून काढा. क्षारांमुळे पानांच्या कडा करपतात आणि आपण उगाच खत कमी पडलं असं समजतो.

दोन, खताची घाई नको. सुरुवातीला दिसणारी दोन गुळगुळीत पानं ही खरं तर बीजपत्रं असतात आणि रोपाचं पहिलं जेवण त्यांतच असतं. त्यानंतर कातरलेल्या कडांची खरी पानं येतात. अशी २ ते ४ पानं आल्यावर १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला साधारण १ ग्रॅम या प्रमाणात आठवड्यातून एकदा द्यायला हरकत नाही. कच्चं शेणखत मात्र कोवळ्या मुळांना भाजतं.

तीन, कपाला खाली भोक हवंच. भोक नसलेला सुंदर मग फोटोत छान दिसतो, पण त्यात तळाशी साचलेलं पाणी मुळं कुजवतं.

पाणी: प्रेम इथेच नडतं

कोकोपीट वरून सुकलेलं दिसतं तेव्हा आत बऱ्याचदा ओलं असतं. रंग बघून रोज पाणी घातलं की ते कायम चिंब राहतं. त्याऐवजी कप उचलून बघा. पाणी घातल्यावर लगेच एकदा उचला आणि वजन लक्षात ठेवा. कप हलका लागला तरच पुन्हा पाणी.

पाणी खालून देणं जास्त चांगलं. ताटलीत बोटभर पाणी घ्या, त्यात कप १५-२० मिनिटं ठेवा, मग उरलेलं पाणी ओतून टाका. मुळं पाण्याच्या शोधात खाली जातात आणि वरचा थर कोरडा राहतो.

वरचा थर कोरडा ठेवण्याचं कारण म्हणजे रोप कोलमडण्याचा रोग. पिथियम, रायझोक्टोनियासारख्या बुरशीसदृश आणि बुरशी गटातल्या या सूक्ष्म जीवांना ओलावा, गर्दी आणि कोंदट हवा आवडते. काल ठणठणीत असलेलं रोप आज मातीलगत बारीक, तपकिरी होतं आणि कापल्यासारखं पडतं. असं रोप वाचत नाही. ते मातीसकट लगेच काढून टाका, बाकीची लांब लांब ठेवा, पाणी कमी करा आणि हवा खेळती ठेवा. पेरतानाच मिश्रणात कृषी केंद्रात मिळणारी ट्रायकोडर्मा पावडर घातली तर धोका कमी होतो. सोशल मीडियावर दालचिनी भुरभुरण्याचा उपाय फिरतो, पण पाणी तेवढंच राहिलं तर त्यावर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही.

मातीवर बारीक काळ्या माश्या उडताना दिसल्या, तर तेही जास्त पाण्याचंच लक्षण. त्यांच्या अळ्या ओल्या मिश्रणात वाढतात आणि कोवळी मुळं खातात. पिवळे चिकट सापळे लावा आणि वरचा थर सुकू द्या.

प्रथमोपचार: कोणत्या रोपाला काय?

रोप लांबडं झालंय, पण मातीलगतचं खोड अजून हिरवं आणि टणक आहे? मग आशा आहे. पहिलं काम म्हणजे उजेड वाढवणं, त्याच दिवशी. जे खोड लांबलंय ते पुन्हा आखूड होत नाही, पण पुढची वाढ आटोपशीर होते.

त्यानंतर पिकानुसार उपाय बदलतो.

* टोमॅटो: वाचवायला सगळ्यात सोपा. त्याच्या खोडाला मातीत गाडलं की नवीन मुळं फुटतात. रोप मोठ्या कपात बीजपत्रांपर्यंत खोल लावा.
* मिरची आणि वांगी: यांना खोडातून मुळं तितक्या सहज फुटत नाहीत. किंचित खोल लावा आणि खराट्याच्या काडीचा आधार देऊन सैल दोऱ्याने बांधा.
* काकडी, दोडका, भोपळा: यांचं कोवळं खोड गाडू नका, कुजतं. भोवती थोडं मिश्रण चढवा, आधार द्या. फारच लांबलं असेल तर नवीन बी पेरा, ही रोपं लवकर उगवतात.
* मेथी, कोथिंबीर, मुळा, गाजर: यांना वाचवत बसण्यापेक्षा योग्य जागी, मोठ्या कुंडीत थेट पुन्हा पेरणं सोपं. मुळा-गाजराचं रोप हलवलं तर मूळ वेडंवाकडं होतं.

दुसरा उपाय वाऱ्याचा. बाहेर वाऱ्याने रोप सतत हलतं आणि त्याला उत्तर म्हणून खोड जाड करतं. स्पर्शामुळे वाढ बदलण्याच्या या गुणाला मॉर्डेकाय जाफी या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९७३ साली ‘थिग्मोमॉर्फोजेनेसिस’ हे नाव दिलं. घरात छोटा पंखा कमी वेगात, थोडा लांबून, रोज एक-दोन तास लावा. पंखा नसेल तर दिवसातून दोनदा शेंड्यांवरून अलगद हात फिरवा.

पिवळी पानं दिसली की लगेच खत घालू नका. फक्त तळाची बीजपत्रं पिवळी पडत असतील तर ते नैसर्गिक आहे. सगळंच रोप पिवळं आणि माती ओली असेल, तर आधी पाणी थांबवा. टोमॅटोच्या पानाखाली जांभळट छटा आली, तर बऱ्याचदा थंडीमुळे मुळांना स्फुरद उचलता येत नसतो. अशी रोपं एसीच्या झोताखाली असतील तर तिथून हलवा. आजारी रोपाला जास्त खत म्हणजे तापलेल्या माणसाला पुरणपोळी.

शेवटची चूक: एकदम उन्हात ठेवणं

रोप सावरलं की ‘आता खरं ऊन दाखवू’ म्हणून थेट गच्चीवर ठेवलं जातं. संध्याकाळपर्यंत पानांवर कागदासारखे पांढरे चट्टे पडतात. काही हजार लक्सवर वाढलेल्या पानांना १ लाख लक्स झेपत नाही.

त्यासाठी ७ ते १० दिवस हातात ठेवा. पहिल्या दिवशी सकाळचं ऊन तासभर, मग रोज थोडं थोडं वाढवत न्या. दुपारचं ऊन सगळ्यात शेवटी. नर्सरीतली रोपंही लावणीआधी अशीच काटक केली जातात.

थोडक्यात लक्षात काय ठेवायचं?

रोप लांब आणि फिकट असेल तर उजेड कमी आहे. मातीलगत बारीक होऊन पडलं तर पाणी जास्त आहे. पानांच्या कडा करपल्या तर कोकोपीटमधलं मीठ किंवा खत तपासा. पांढरे चट्टे आले तर ऊन एकदम मिळालंय.

आणि बिया मोजक्याच असतील तर सगळ्या एकदम पेरू नका. निम्म्या पेरा, निम्म्या कोरड्या डबीत बंद करून ठेवा. पहिली खेप गेली तरी काय चुकलं ते कळलेलं असतं, आणि दुसऱ्या खेपेसाठी हातात बी असतं.